पार्किंग नंबर सातमधला रोलर

सोसायटीच्या फलकावर नोटीस लागली तेव्हा काका तिच्यापासून चार पावलांवर उभे राहून रोलरच्या पितळी पट्टीला पॉलिश करत होते. नोटीस त्यांच्याविरुद्धच होती, पण ती वाचायला त्यांना वेळ नव्हता. पट्टीचा डावा कोपरा त्यांच्या मते मनासारखा चमकत नव्हता. शेवटी पिशवी घेऊन बाहेर निघालेल्या काकूंनी नोटीस वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि त्या चार पावलं मागे आल्या.

"अहो, ऐकलंत का? नव्वद दिवसांत हे धूड वाहन आहे असं सिद्ध करा, नाहीतर भंगारात द्या, असं लिहिलंय."

"धूड लिहिलंय?" काका दुखावले.

"धूड मी म्हणाले. त्यांनी 'वस्तू' लिहिलंय."

हा शब्द काकांना जास्त लागला. धुडाला निदान काही व्यक्तिमत्त्व असतं.

ही वस्तू म्हणजे रस्ते दाबायचा, वाफेवर चालणारा रोलर. वजन आठ टन. पुढे अगडबंब लोखंडी रूळ, मागे छातीइतकी उंच दोन चाकं, मध्ये आडवा बॉयलर, त्यावर धुराडं आणि सगळ्यावर पत्र्याचं छप्पर. नगरपालिकेच्या गोदामामागे तो गवतात रुतून पडला होता. अकरा वर्षांपूर्वी काकांनी तो क्रेनने उचलून आणला आणि स्वतःच्या हक्काच्या पार्किंग नंबर सातमध्ये उतरवला. त्यांच्याकडे गाडी नव्हती, त्यामुळे जागा रिकामीच होती. काकूंना त्यांनी त्या दिवशी 'एक छोटंसं यंत्र येतंय' एवढंच सांगितलं होतं.

वाफेचं वेड काकांना लहानपणापासूनचं. बहुतेक मुलं इंजिन बघून टाळ्या पिटतात आणि मोठेपणी सुधारतात. काका सुधारले नाहीत. विमा कंपनीच्या दावे विभागात छत्तीस वर्षं काढून ते हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, पण जीव सगळा वाफेत. आजवर त्यांनी एक पाण्याचा पंप, एका लॉंड्रीचं इस्त्रीयंत्र आणि तीन भोंगे दुरुस्त केले होते. दुरुस्त म्हणजे काय, तर सुटे केले, खरवडले, तेल पाजलं, रंगवले, चमकवले आणि पुन्हा जोडले. त्यातलं एकही कधी पेटवलं मात्र नव्हतं. कुणी विचारलं तर काका म्हणायचे, "अजून एक हात रंगाचा राहिलाय."

नोटीस लिहिली होती सोसायटीच्या सेक्रेटरींनी. हे गृहस्थ पूर्वी शाळेत वेळापत्रक तयार करत, आणि जगात कुठेही मोकळा तास दिसला की त्यांचा जीव कासावीस होई. माणूस दुष्ट नव्हता. नवीन रहिवाशांना गाड्या लावायला जागा पुरत नव्हती, म्हणून त्यांनी सर्वसाधारण सभेत नियम करून घेतला: पार्किंगमध्ये फक्त वाहन ठेवता येईल, आणि वाहन म्हणजे जे स्वतःच्या बळावर फाटकातून बाहेर जातं आणि स्वतःच्या बळावर आत येतं, ज्याला सरकारी कागद असतात आणि चालवायला परवानाधारक माणूस असतो. या सभेला काका हजर होते. हात वर करून त्यांनी नियमाच्या बाजूने मतही दिलं होतं, कारण त्यांना वाटलं हे जिन्याखाली पडलेल्या मोडक्या सायकलींबद्दल चाललंय.

दुसऱ्याच दिवशी भंगारवाला टेप घेऊन हजर. त्याने रोलरला एक प्रदक्षिणा घातली, बॉयलरवर बोटाने टकटक केलं आणि कान लावून ऐकलं. "काय माल आहे!" तो म्हणाला. "असं लोखंड आता येत नाही, काका. आत सगळं जाड आहे." अकरा वर्षांत रोलरचं इतकं मनापासून कौतुक कुणी केलं नव्हतं. काकांना त्याला चहा विचारावासा वाटला, आणि मग आपण कुणाला चहा विचारतोय हे लक्षात येऊन ते घाबरले.

तिसऱ्या दिवशी काका वाहनांच्या ऑफिसात गेले. खिडकीतला कारकून भला होता, पण त्याच्या कॉम्प्युटरचा स्वभाव कडक होता.

"इंधन?"

"दगडी कोळसा."

"पेट्रोल आहे, डिझेल आहे, गॅस आहे, वीज आहे. कोळसा नाही."

"मग 'इतर' लिहा."

"'इतर' दाबलं की हा बंद पडतो. मागच्या वर्षी एकाने दाबलं, दोन दिवस आम्ही सगळे नुसते बसून." कारकुनाच्या चेहऱ्यावर त्या दोन दिवसांची गोड आठवण तरळली. "सीटबेल्ट आहे?"

"अहो, तो ताशी चार किलोमीटरने जातो. माणूस पडला तर उठून, कपडे झटकून परत चढू शकतो."

"म्हणजे नाही. धुराची तपासणी?"

"अजून धूर काढलाच नाही."

"किती वर्षं?"

"अकरा."

"मग इतकी स्वच्छ गाडी मी आजवर बघितली नाही," कारकून म्हणाला आणि त्याने ते खरोखर लिहून घेतलं. मग तो थबकला. "बॉयलर आहे म्हणालात ना? मग आधी बॉयलरच्या ऑफिसचा दाखला लागेल." असं म्हणून त्याने अर्ज परत सरकवला. वर शिक्का होता: त्रुटीची पूर्तता करावी.

काका त्या शिक्क्याकडे बघतच राहिले. छत्तीस वर्षं हाच शिक्का त्यांनी स्वतःच्या हाताने मारला होता. कुणाचं छप्पर उडालेलं, कुणाची गाडी नाल्यात गेलेली, आणि काका शांतपणे शाई लावून शिक्का मारत. करावे तसे भरावे म्हणतात, पण ते इतकं खिडकीच्या अलीकडे उभं राहून भरावं लागेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

बॉयलरच्या ऑफिसातले इन्स्पेक्टर स्वतः रोलर बघायला आले. हे बॉयलरसाहेब काटकुळे होते आणि एक एक शब्द तोलून बोलत. दुसऱ्याचं ऐकताना डोळे मिटून घ्यायची त्यांना सवय होती, त्यामुळे ते झोपलेत की ऐकतायत याचा समोरच्याला थांग लागत नसे. त्यांनी विचारलं, "बॉयलरचा नंबर?"

"तो त्या पितळी पट्टीवर आहे," काका अभिमानाने म्हणाले.

साहेब वाकले. बराच वेळ बघत राहिले. मग खिशातून कंगवा काढून त्यांनी केस नीट केले.

"पट्टीत माझं तोंड दिसतंय," ते म्हणाले. "नंबर दिसत नाही."

अकरा वर्षं, रोज सकाळी अर्धा तास. आकडे आधी पुसट झाले असणार, मग नाहीसे झाले असणार, आणि पट्टी आरशासारखी झाली. काकांनी आपल्याच हाताने, आपल्याच फडक्याने, रोलरचं नावगाव पुसून टाकलं होतं. हात दाखवून अवलक्षण करून घेणारे लोक पुष्कळ असतात, पण पॉलिश लावून करून घेणारे काका पहिलेच असावेत.

"बॉयलरच्या अंगावरही नंबर ठोकलेला असतो," साहेब म्हणाले. "कपाळावर. रंग काढा, सापडेल."

रंगाचे हात नऊ होते. नऊही काकांनी स्वतः दिलेले, आणि प्रत्येक हाताच्या वेळी 'हा शेवटचा' म्हटलेलं. आता काकांच्या हातात खरवडायचा पत्रा आणि डोळ्यांत पाणी, आणि सगळी इमारत सल्ले द्यायला गोळा झाली. एक म्हणाला रॉकेल लावा, दुसरा म्हणाला सोडा, तिसऱ्याने गरम हवेचा उपाय सुचवला. वरच्या मजल्यावरच्या सूनबाईंनी नखांचा रंग काढायची बाटली आणून दिली. त्या बाटलीत अर्धा आकडा साफ झाला आणि बाटली संपली. सेक्रेटरी रोज सकाळी येऊन फलकावर 'उरलेले दिवस' खडूने लिहून जात. ते म्हणत, हे आठवणीसाठी आहे, मनाला लावून घेऊ नका.

मदतीला खरा धावून आला तो दुसऱ्या मजल्यावरचा दंतवैद्य. संध्याकाळी दवाखाना बंद करून तो आपली हत्यारं, एक छोटा आरसा आणि कपाळाला लावायचा दिवा घेऊन खाली उतरायचा. सवयीने तो भट्टीच्या दाराला "मोठ्ठं उघडा" म्हणे. हाताने तो रंगाचा पापुद्रा असा अलगद सोलायचा की काकांना बघून कढ येत. आठव्या संध्याकाळी हिरव्याखालच्या निळ्याखालच्या करड्या रंगातून पाच आकडे वर आले. मग डोकं आत घालून त्याने बॉयलरच्या नळ्या तपासल्या.

"कीट फार साचलंय, काका. किती वर्षांत साफ केलं नाही?"

"बाहेरून रोज करतो."

"सगळे हेच सांगतात," दंतवैद्य म्हणाला. नळ्या साफ करायला आणखी बारा संध्याकाळी गेल्या.

मग गार पाण्याची चाचणी झाली. बॉयलर काठोकाठ पाण्याने भरायचा, हातपंपाने दाब द्यायचा आणि कुठे गळतं ते बघायचं. साहेब डोळे मिटून उभे होते, काका पंप मारत होते, सेक्रेटरी वही घेऊन जवळून निरीक्षण करत होते. एक नट सैल होता. पाण्याची सणसणीत धार निघाली ती थेट सेक्रेटरींच्या खिशात, आणि खिशातलं पेन बाहेर पडलं. काकांनी नट आवळला, दाब टिकला, बॉयलर पास झाला. सेक्रेटरींनी ओल्या वहीत 'गळती: एक, मी' अशी नोंद केली. आता फक्त शेवटचा कागद, असं काकांना वाटलं. साहेब कागदावर सही करणार तोच त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "चालक कोण?"

"मी."

"परीक्षा दिली आहे?"

घोडं इथेच अडलं. पेटता बॉयलर फक्त परीक्षा पास झालेल्या माणसाने हाताळायचा. परीक्षेला बसायला दोन वर्षं यंत्रापाशी काम केल्याचा दाखला हवा, आणि तो यंत्राच्या मालकाने द्यायचा. मालक काका. काका स्वतःला दाखला देऊ शकत नव्हते, तसा स्पष्ट नियम होता. फलकावर उरलेले दिवस होते एकतीस.

युक्ती दंतवैद्याने काढली. "रोलर दोघांच्या नावावर करा. संयुक्त मालकी. मग काकू तुम्हाला दाखला देतील."

बॉयलरच्या ऑफिसचा अर्ज मात्र हट्टी निघाला. त्यात दोन मालक असतील तर दोघांचेही चालकासाठी अर्ज लागत, एकाचा चालत नसे. म्हणजे काकांनीही काकूंना दाखला द्यायचा. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी नुसती सोबत येते. तुम्ही एकटे गेलात तर त्या साहेबांना बोलून बोलून झीट आणाल."

काकांनी काकूंच्या दाखल्यात लिहिलं: 'उमेदवाराने अकरा वर्षे चिंध्या व फडकी पुरवली.' काकूंनी काकांच्या दाखल्यात लिहिलं: 'उमेदवार रोज सहा तास यंत्राजवळ असतो. काय करतो ते मला माहीत नाही.' ऑफिसने दोन्ही दाखले स्वीकारले. खऱ्याला मरण नाही म्हणतात ते असं.

परीक्षा तोंडी होती. काकांनी नवा शर्ट घातला होता. आयुष्यभर ज्या प्रश्नांची उत्तरं त्यांनी न विचारता दिली, ते प्रश्न आता एक सरकारी माणूस समोर बसून विचारणार होता. अंगावर मूठभर मांस चढलं होतं. त्यांचा नंबर आधी लागला.

"समजा, पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेत पाणी दिसेनासं झालं," बॉयलरसाहेबांनी डोळे मिटले. "काय कराल?"

काकांचा चेहरा उजळला. "फार सुंदर प्रश्न आहे. त्याचं काय आहे साहेब, पूर्वी ही काच नव्हतीच. तीन तोट्या असायच्या. वरची उघडली तर वाफ, खालची उघडली तर पाणी, आणि मधलीचा स्वभाव मात्र..." काका मधल्या तोटीच्या स्वभावात शिरले. मग काच कशी आली, ती जाड का, तिला दोन झडपा का. समोरचा कागद ओढून त्यांनी आकृती काढली, तिला बाण काढले, बाणांना अक्षरं दिली. 'फ'पर्यंत आले तेव्हा साहेबांनी घड्याळ बघितलं.

"तुमचा बॉयलर पाच मिनिटांपूर्वी फुटला," साहेब म्हणाले. "शेजारी शाळा होती."

"प्रश्नात शाळा नव्हती!"

"प्रश्नात नसते. रस्त्यावर असते. बाई, तुम्ही काय कराल?"

काकू पर्स मांडीवर धरून बसल्या होत्या. आपल्याला विचारलंय हे कळायला त्यांना एक क्षण लागला. "विस्तव ओढून बाहेर काढीन."

"पाणी नाही घालणार?"

"छे! कोरडा पडून तापलेल्या पत्र्यावर गार पाणी गेलं तर आमची फडकीसुद्धा सापडायची नाहीत."

साहेबांनी डोळे उघडले. ऐकता ऐकता, नोकरीत बहुधा पहिल्यांदाच. "हे कुठे शिकलात?"

"हे जेवताना सांगतात. एकतीस वर्षं ऐकतेय. मधलं मधलं सोडून दिलं की शेवटी एवढंच उरतं."

आणखी अकरा प्रश्न झाले. काकूंनी अकराही एका एका वाक्यात निकालात काढले. साहेबांनी दोन कागद पुढे घेतले, काकूंच्या कागदावर 'उत्तीर्ण' लिहिलं आणि काकांच्या कागदावर शिक्का मारला. कोणता ते काकांनी वाचलं नाही; त्यांना त्याच्या आवाजावरूनच कळलं. पुन्हा बसायचं तर सहा महिन्यांनी.

दोन दिवस काका खाली उतरले नाहीत, रोलरवर धूळ बसली. मनातल्या मनात त्यांनी फेरविचाराचा अर्ज सात वेळा लिहिला: उत्तरं तिची असली तरी ज्ञान माझं आहे, दिवे माझे आणि उजेड तिचा, हा कुठला न्याय. इमारतीतले लोक मात्र जाता येता दार वाजवून काकूंचं अभिनंदन करत होते. सेक्रेटरी ओली होऊन फुगलेली वही घेऊन आले आणि म्हणाले, "वहिनी, परवान्याचा नंबर सांगा, नोंद करतो." भंगारवालाही डोकावून गेला, त्याने आत बसलेल्या काकांकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "आता बोलणी मालकीणबाईंशी करायची ना?"

तिसऱ्या दिवशी सकाळी काका स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. काकू पीठ मळत होत्या. फलकावर उरलेले दिवस होते नऊ.

"अगं," काका म्हणाले. "तू चालवशील का?"

"मला काय पडलंय? मी सोबत गेले होते."

"तो जाईल गं. तो गेला तर सकाळी उठून मी खाली कशाला जाऊ? कुणाकडे जाऊ?"

काकूंनी मळायचं थांबवलं. "एक विचारते. खरं सांगा, रंगाचं कारण नको. अकरा वर्षांत एकदाही पेटवला का नाहीत?"

काकांनी दाराच्या चौकटीवरचा नसलेला डाग नखाने खरवडला. "पेटवला आणि चाललाच नाही तर?"

"तर नाही चालला."

"मग मी जन्मभर काय केलं? लोखंड पुसलं?"

हे त्यांनी आजवर स्वतःशीही म्हटलं नव्हतं. दावे विभागात लोक असे समोर येऊन रडायचे, तेव्हा काका मान खाली घालून शाईची डबी शोधायचे. काकूंनी तसं केलं नाही. त्यांनी पिठाचे हात धुतले, पुसले आणि काकांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"कोळसा आणा. पण वर गेल्यावर मी म्हणेन तसं. माझ्या परवान्यावर हाताखाली एक आगवाला चालतो. त्याने कोळसा घालायचा आणि सांगितलेलं ऐकायचं. त्याला परीक्षा नसते."

"ऐकण्याचीही नसते?"

"ती मी घेईन."

रविवारी पहाटेच काकूंनी भट्टी पेटवली. वाफ धरायला तीन तास लागतात, आणि त्या तीन तासांत इमारतीच्या प्रत्येक खिडकीतून एकेक सल्ला खाली आला. कुणी म्हणालं फुंका, कुणी म्हणालं पंखा लावा, तिसऱ्या मजल्याने वाळत घातलेल्या चादरी काळ्या पडल्याबद्दल आधी आरडाओरडा केला आणि मग तिथूनच "जरा अजून कोळसा टाका!" असंही सांगितलं. काकांच्या डोळ्यांदेखत हिरवा रंग काळवंडत चालला, पितळेवर काजळी बसू लागली. त्यांचा हात आपोआप खिशाकडे गेला.

"अहो, फडकं खाली."

काकांनी फडकं खाली ठेवलं आणि फावडं उचललं. तेवढ्यात दाबाचा काटा थरथरला. केसाएवढाच, पण थरथरला. बॉयलरच्या पोटातून एक बारीक किणकिण येऊ लागली, पत्रा हाताला उबदार लागू लागला, कुठूनतरी सुस्कारा बाहेर पडला. अकरा वर्षं ज्याला काकांनी गार अंगाने ओळखलं होतं, तो त्यांच्या हाताखाली जागा होत होता. काकांना रडू आलं, आणि तोंड काजळीने माखलेलं असल्यामुळे ते सगळ्या इमारतीला दोन स्वच्छ रेघांमध्ये दिसलं.

साडेआठ वाजता बॉयलरसाहेब आले. सेक्रेटरींनी रोलरपुढे दहा पावलांवर खडूची रेघ मारली, रेघेवर घडीची खुर्ची मांडली आणि वही उघडून बसले. काकूंनी पदर खोचला आणि भोंग्याची दोरी ओढली. गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम किंचाळू लागल्या, दंतवैद्याच्या खिडकीची काच तडकली आणि बॉयलरसाहेबांचे डोळे उघडे ते उघडेच राहिले. मग काकूंनी वाफेचा दांडा पुढे ढकलला.

रोलर हलला. मागे.

उलट दिशेचा दांडा काकांनी जोडताना पुढचं मागे केलं होतं. कधी चालवला असता तर कळलं असतं. आठ टन लोखंड संथपणे, कुणाचीही पर्वा न करता मागच्या भिंतीकडे निघालं. तिथे काकांचं कपाट होतं. त्यात अकरा वर्षांचं पॉलिश, ब्रश, सॅंडपेपर आणि दहाव्या हातासाठी आणून ठेवलेले हिरव्या रंगाचे सहा डबे. "अगं, माझं कपाट!" काका ओरडले. "कपाटाला मरू द्या, कोळसा घाला!" काकू ओरडल्या. कपाट आधी कुरकुरलं, मग वाकलं, मग सपाट झालं, आणि सहाही डब्यांची झाकणं उडून हिरवा रंग दोन्ही मागच्या चाकांवर उधळला. काकूंनी तो उलट दिशेचा दांडा दुसऱ्या बाजूला फेकला. एक आचका बसला, आणि रोलर पुढे निघाला.

सेक्रेटरी नोंद करत होते. शेवटच्या क्षणी त्यांनी वर बघितलं आणि वही छातीशी धरून बाजूला उडी मारली. खुर्ची घडीची होती; आता तिची कायमची घडी झाली. इमारतीतून टाळ्या पडल्या. फाटक उघडं होतं. रोलर फाटकातून बाहेर पडला, भक् भक् करत, धुराडं उंच धरून, मागे दोन ओल्या हिरव्या रेघा सोडत.

फाटकासमोर एवढं धूड वळवायला जागा नव्हती, म्हणून काकूंनी ते सरळ चौकाकडे घेतलं. दंतवैद्य पुढे धावत लोकांना बाजूला करत होता, मागे बॉयलरसाहेब आणि त्यांच्या मागे सेक्रेटरी. "नोंद काय करू, वहिनी? बाहेर गेलं लिहू, की अजून जातंय लिहू?" बसमधले लोक खिडक्यांतून निम्मे बाहेर लोंबले. एका म्हाताऱ्याने टोपी काढली. वाटेतले दोन खड्डे भरून वर नुसती खडी पसरून ठेवलेली होती. रोलर त्यांवरून गेला आणि ते रस्त्याशी सपाट झाले. काका कोळसा घालत होते, हसत होते, ठसकत होते. आपण काय ओरडतोय हे त्यांना ऐकू येत नव्हतं, पण ते इतिहासातलं काही नव्हतं एवढं नक्की. चौकातल्या वर्तुळाला काकूंनी पूर्ण एक फेरा घातला, वाहतुकीच्या हवालदाराने घाबरून सलाम ठोकला, आणि रोलर आपल्याच हिरव्या रेघांच्या शेजारून परत फिरला.

पार्किंग नंबर सातमध्ये येऊन तो थांबला, तेव्हा सगळी इमारत खाली उतरलेली होती. बॉयलरसाहेबांनी कागदावर सही केली आणि कुणाला दिसणार नाही अशा बेताने एकदा भोंग्याच्या दोरीला हात लावून बघितला. सेक्रेटरी धापा टाकत आले. फाटकाबाहेरच्या रेघा त्यांनी वाकून तपासल्या, जाणाऱ्या दोन आणि येणाऱ्या दोन, आणि पार्किंगच्या रजिस्टरमध्ये पान सात उघडलं.

"वाहन," त्यांनी लिहिलं आणि ठसठशीत अधोरेखित केलं. "सरकारी कागद, बॉयलरचा दाखला; कोणता कागद ते नियमात लिहिलेलं नाही. मालक, संयुक्त. चालक, वहिनी. परवाना नंबर आहे माझ्याकडे." मग त्यांनी चष्म्यावरून काकांकडे बघितलं. काकांचे केस उभे राहिले होते, नव्या शर्टाची एक बाही जळली होती. "आणि तुम्हाला काय म्हणून लिहू?"

काकांना सांगायला पुष्कळ होतं. अकरा वर्षं होती, नऊ हात रंग होता, तीन भोंगे होते, हेडक्लार्कपद होतं. त्यांनी तोंड उघडलं. मग वर बघितलं. काकू एका हाताने दांडा धरून दुसऱ्याने कपाळावरचा घाम पुसत होत्या आणि दाबाच्या काट्यावरून त्यांची नजर हलत नव्हती.

"आगवाला," काका म्हणाले. "फक्त आगवाला लिहा."

"अहो आगवाले," वरून आवाज आला, "लिहिणं झालं असेल तर कोळसा घाला. दाब आहे तोवर अजून एक फेरी मारू."

काकांनी फावडं उचललं आणि वर चढले.